चार्जिंगचा टॉर्च ठोकल्यावरच लागतो? एलईडी बदलण्याआधी जोड मोजा

रात्री थ्री फेज आली की केळीत पाणी धरायला निघायचं आणि नेमका व्हॉल्व्हपाशी पोहोचल्यावर टॉर्च मिणमिणायला लागतो. तळहातावर दोनदा आपटला की लखकन लागतो, दहा पावलांवर पुन्हा जातो. रावेर, यावल, चोपडा, शहादा, कुठेही जा; कोनाड्यात असे दोन-तीन टॉर्च पडलेले सापडतात आणि दर हंगामाला एक नवा येतो. केळीच्या वाळलेल्या पानांखाली घोणस किंवा मण्यार असू शकते. तिथे ठोकून लागणारा टॉर्च हातात असणं म्हणजे टॉर्च नसण्यासारखंच आहे.

आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. खाली घोटाळा नको म्हणून हातातल्या वस्तूला टॉर्च आणि आत बसतो त्याला सेल म्हटलं आहे.

ठोकल्यावर लागतो याचा सरळ अर्थ असा, की एलईडी जिवंत आहे आणि सेलमध्येही जीव आहे. दोष या दोघांच्या मधल्या रस्त्यात आहे: स्विच, स्प्रिंग, पत्ती, सुटत आलेलं सोल्डर, यांपैकी कुठेतरी. तरीही दुरुस्तीत सगळ्यात आधी बदलला जातो तो सेल आणि नंतर एलईडी. दोन महिन्यांनी टॉर्च पुन्हा तसाच होतो, कारण खराब जोड जागेवरच असतो.

एवढ्याशा जोडाने उजेड का जातो

पांढऱ्या एलईडीला चालायला साधारण ३.० ते ३.४ व्होल्ट लागतात. सेल देतो चारच्या आसपास. म्हणजे खेळायला जेमतेम एक व्होल्ट उरतो. समजा ४.१ व्होल्टचा सेल, ३.१ व्होल्टचा एलईडी आणि मध्ये ३.३ ओहमचा रेझिस्टर आहे. उरलेला १ व्होल्ट भागिले ३.३, म्हणजे ०.३० अँपिअर करंट. आता स्विचच्या काळ्या पडलेल्या पत्तीने २ ओहमची भर घातली की हिशेब १ भागिले ५.३ होतो, म्हणजे ०.१९ अँपिअर. एका पत्तीने एक तृतीयांशाहून जास्त उजेड खाल्ला. घरच्या २३० व्होल्टच्या बल्बच्या बटणात हेच २ ओहम आले असते तर उजेडात फरकही कळला नसता. टॉर्चमध्ये मात्र दशांश व्होल्टची किंमत असते.

म्हणून स्विच तपासताना मल्टिमीटरच्या बझरवर विसंबू नका. बझर बऱ्याच मीटरमध्ये ३०-५० ओहमलाही वाजतो. त्याला जोड चांगला वाटतो, टॉर्चला तो पुरत नाही. टॉर्च चालू ठेवून प्रत्येक जोडावर किती व्होल्ट सांडतात ते मोजायचं.

मोजणी

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे, २० व्होल्ट डीसीच्या रेंजवर. टॉर्च उघडा आणि लावा. चार्जिंगची पिन भिंतीत नसली पाहिजे, त्याचं कारण पुढे येईल.

पहिलं, सेलच्या दोन टोकांवर, टॉर्च बंद असताना आणि लगेच चालू करून. मग लाल टोक स्विचच्या एका पायाला आणि काळं दुसऱ्या पायाला, टॉर्च चालूच. इथे ०.०५ व्होल्टच्या आत आकडा आला तर स्विच उत्तम. ०.१ च्या वर गेला तर संशयित. ०.३ दिसला, किंवा नख लावून स्विच हलवल्यावर आकडा नाचला, तर दोषी सापडला. असंच सेलचं टोक आणि तिथून निघणाऱ्या तारेचं दुसरं टोक, स्प्रिंगचा तळ आणि माथा, तार आणि एलईडीच्या पट्टीवरचा सोल्डरचा ठिपका. पाच मिनिटांचं काम आहे.

सोल्डरचा ठिपका डोळ्यानेही बघा. चांगला जोड चकचकीत आणि पायाला धरून पसरलेला असतो. खराब जोडात पायाभोवती केसाइतकी गोल चीर दिसते आणि काडीने पाय ढकलला की तो ठिपक्याच्या आत हलतो. टॉर्च पडल्यावर पहिल्यांदा हेच होतं. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायची पेस्ट) लावून, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने जुना सोल्डर पूर्ण वितळू द्या, थोडा नवा घाला, गार होईपर्यंत हलवू नका.

स्विच काळा का पडतो

आपल्याकडे याचं मोठं कारण मोटारीची खोली आहे. टॉर्च ठेवायची जागा म्हणजे स्टार्टरच्या पेटीवर किंवा खताच्या गोणीवर. अमोनियम असलेली खतं हवेतली ओल ओढून घेतात आणि तांबं-पितळ खातात. पत्त्यांवर आधी काळपट थर येतो, मग निळसर-हिरवी पुटं. ठिबकमधून सोडायच्या खताचा हात तसाच टॉर्चला लागला तरी स्विचच्या फटीतून आत जायला तेवढं पुरतं. पहाटे केळीच्या बागेतलं दव त्यात भर घालतं.

इलाज: स्लाइड स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, पंचवीस-तीस वेळा मागे-पुढे करा, वाळू द्या, पुन्हा मोजा. उघड्या पत्त्या आणि स्प्रिंग पेन्सिलच्या खोडरबराने घासा. पॉलिश पेपर वापरू नका. वरचा निकेलचा मुलामा निघतो आणि खालचं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं. रॉकेल, गोडेतेल यांचाही उपयोग नाही, धूळ धरून ठेवण्यापलीकडे.

सुटे सेल घालायच्या टॉर्चमध्ये गळती होते. अल्कलाइन सेलची पांढरी भुकटी ही क्षार जातीची असते, ती लिंबाच्या रसाच्या किंवा व्हिनेगरच्या बोळ्याने पुसायची, मग ओल्या फडक्याने, मग कोरडं करायचं. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे लिंबू चालत नाही. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घेऊन पुसा. कुठला सेल होता हे आवरणावर बघून मगच ठरवा.

चार्जिंगची बाजू

दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीत खोचायच्या प्लास्टिकच्या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा ४ व्होल्टचा लेड-अ‍ॅसिड सेल असतो आणि चार्जर म्हणून ट्रान्सफॉर्मर नसतोच. एक पिवळा किंवा तपकिरी कपॅसिटर (त्यावर १०५जे ४००व्ही असं काही), चार १एन४००७ डायोड आणि कपॅसिटरच्या समांतर एक मोठ्या ओहमचा रेझिस्टर, एवढाच संसार.

हे सर्किट लाईटपासून वेगळं केलेलं नसतं. पिन भिंतीत असताना आतल्या प्रत्येक तारेवर, सेलच्या टोकांवरही, झटका बसू शकतो. उघडलेला टॉर्च कधीही प्लगमध्ये लावायचा नाही, मोजायलासुद्धा नाही. प्लग काढल्यावरही पिनांना बोट लावू नका. तो मोठ्या ओहमचा रेझिस्टर तुटला असेल तर कपॅसिटर भरलेला राहतो आणि पिनांतूनच झटका देतो.

१ मायक्रोफॅरडचा (१०५) कपॅसिटर २३० व्होल्टला साधारण ६५ मिलिअँपिअर चार्जिंग करंट देतो. ०.६८ चा (६८४) असेल तर ४५ च्या आत. खोक्यावर किती का तास लिहिलेले असेनात, १ अँपिअर-तासाचा रिकामा सेल ६५ मिलिअँपिअरवर भरायला १७-१८ तास लागतात. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्यावर घरात व्होल्टेज १७० वर आलं की हाच करंट ४८ वर घसरतो. मग रात्रभर लावूनही टॉर्च अर्धवटच भरतो आणि सेल खराब आहे असं वाटतं. लाल दिव्यावरही जाऊ नका. स्वस्त टॉर्चमध्ये तो बहुधा फक्त लाईट आल्याचं सांगतो, सेलमध्ये करंट जातोय की नाही हे सांगत नाही.

चार्जर चालतो की नाही हे बाहेरूनच कळतं. सेलचे व्होल्ट मोजा, टॉर्च बंद करून जोडा, दोन तास चार्जिंगला लावा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, उघडून पुन्हा मोजा. ३.९ चे ४.० च्या वर गेले असतील तर चार्जर ठीक. हलले नसतील तर कपॅसिटर सोडवून कपॅसिटन्स मीटरवर बघा. १ चा ०.७ च्या खाली उतरला असेल तर बदला, आणि बदलताना ४०० व्होल्टचा नको, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ जातीचा (थेट घरच्या लाईटवर जोडायला बनवलेला) घ्या. २३० व्होल्टचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत जातो, त्यात लाईट येता-जाताना झटके बसतात. ४०० वाला त्यातच हळूहळू झिजतो.

सेलचा निकाल असा लागतो. पूर्ण चार्ज करून तासभर ठेवल्यावर ४.२ किंवा वर हवा. टॉर्च लावून पाच मिनिटांनी ४.० च्या आसपास टिकला तर चांगला. मिनिटभरात ३.५ वर आला तर प्लेटा गेल्या. लेड-अ‍ॅसिड रिकामा पडून राहिला की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि ते परत विरघळत नाहीत. उष्णता दुसरा शत्रू: दर १० अंशांना या सेलचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात असताना पत्र्याच्या खोलीत ठेवलेला टॉर्च पोळ्यापर्यंत टिकत नाही, त्याचं कारण हेच. वापर असो-नसो, महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करून घरात, माळ्यावर नव्हे तर खाली ठेवा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सगळ्यांना सांगा: चार्जिंगला लावलेला टॉर्च पेटवायचा नाही. सेल बाद झालेला असेल तर तो चार्जरचं व्होल्टेज दाबून धरू शकत नाही, ते वर चढतं आणि एलईडी क्षणात जातो. ‘लाईट आली, बघू लागतो का’ म्हणून पिनेवर असतानाच बटण दाबणं, नवे एलईडी जाळण्याचा हा हमखास मार्ग आहे. यावर स्वस्त उपाय म्हणजे सेलच्या टोकांना समांतर ५.१ व्होल्ट, १ वॉटचा झेनर डायोड (१एन४७३३ए), डायोडवर छापलेल्या पट्टीची बाजू प्लसला. व्होल्टेज त्यापुढे जातच नाही.

एलईडी खरंच गेला असेल तर

सीआर२०३२ चा ३ व्होल्टचा बटण सेल एलईडीच्या दोन टोकांना लावा, मंद का होईना उजळला पाहिजे. उजेड निळसर-जांभळा झाला असेल तर वरचा पिवळा थर उष्णतेने गेला आहे. ९ किंवा १२ बारीक एलईडींचा गुच्छ असेल आणि त्यातले तीन-चार मेले असतील, तर तेवढेच बदलत बसू नका. हे सगळे समांतर जोडलेले असतात, बऱ्याचदा रेझिस्टरशिवाय. एक गेला की त्याच्या वाटचा करंट बाकीच्यांवर येतो. तीन पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये तर करंट आवरण्याचं काम सेलचा आतला विरोधच करतो. तिथे साधे काढून दमदार अल्कलाइन घातले की एलईडी अधिक तापतात, लवकर जातात. गुच्छ काढून अ‍ॅल्युमिनियमच्या २० मिलिमीटर ताऱ्यावर (ताऱ्याच्या आकाराच्या चकतीवर) बसवलेला एकच १ वॉटचा एलईडी लावणं शहाणपणाचं. त्यातही ६००० केल्विनच्या वरचा निळसर पांढरा नको, ४००० केल्विनचा घ्या. निळसर उजेडात वाळलेलं पान, माती आणि घोणसाची पाठ यांचे तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात.

१ वॉटचा एलईडी प्लास्टिकवर फेव्हिक्विकने चिकटवू नका. ताऱ्याखाली थर्मल पेस्ट आणि दोन-तीन इंचांची जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हवीच.

स्विचचा त्रास मुळातून काढायचा बदल

वरचे सगळे उपाय केले तरी मोटारीच्या खोलीतला स्विच पुढच्या वर्षी पुन्हा काळा पडणार. तेव्हा स्विचवरून एलईडीचा करंट न्यायचाच नाही, असा बदल करणं उत्तम. त्यासाठी एएमसी७१३५ नावाची तीन पायांची चिप लागते. सेल ४.२ असो की ३.६, ती एलईडीला ३५० मिलिअँपिअर देते आणि स्वतः ०.१२ व्होल्टच खाते, म्हणून रेझिस्टरही काढून टाकता येतो.

जोडणी: सेलचा प्लस थेट एलईडीच्या प्लसला. एलईडीचा मायनस चिपच्या ‘आउट’ पायाला. चिपचा मधला पाय, जो मागच्या पत्र्याला जोडलेला असतो, तो सेलच्या मायनसला. उरला ‘व्हीडीडी’ पाय, तो स्विचमधून सेलच्या प्लसला. व्हीडीडी आणि मायनस यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे स्विच बंद केल्यावर पाय अधांतरी राहून एलईडी मंद जळत राहत नाही. कडेच्या दोन पायांपैकी कोणता कुठला, हे चिपच्या माहितीपत्रकात बघूनच तार लावा.

आता स्विचमधून वाहतो जेमतेम अर्धा-पाऊण मिलिअँपिअर. पत्तीवर २ ओहम काय, १०० ओहम आले तरी तिथे ०.०७ व्होल्टही सांडत नाहीत. उजेडाला त्याचा पत्ताही लागत नाही. चिपचा मधला पाय तांब्याच्या छोट्या पत्तीवर सोल्डर करा, भरलेल्या सेलवर ती साधारण ०.४ वॉट उष्णता काढते.

या चिपचा दुसरा फायदा शेतात कळतो. सेल उतरत आला की उजेड हळूहळू मंदावतो. व्होल्टेज चढवून शेवटपर्यंत एकसारखा उजेड देणारे ड्रायव्हर (एलईडीचा करंट सांभाळणारी सर्किटं) ऐकायला चांगले वाटतात, पण ते सेल संपताच एकदम अंधार करतात. बागेच्या मध्यावर असताना आधी इशारा देणारा टॉर्च बरा.

लेड-अ‍ॅसिडऐवजी लिथियम

सेल दुसऱ्यांदा गेला असेल तर १८६५० जातीचा लिथियम सेल बसवा. पण जुना चार्जर एक क्षणही त्याला जोडायचा नाही. लिथियमला ४.२ व्होल्टला थांबावंच लागतं आणि कपॅसिटरवाला चार्जर थांबत नाही. आग लागते. पिना, कपॅसिटर, डायोड, झेनर सगळं काढून टाका आणि पिनांची भोकं एपॉक्सीने बुजवा.

त्या जागी टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, संरक्षण असलेलंच. त्यावर बी-प्लस, बी-मायनस आणि आउट-प्लस, आउट-मायनस अशा चार जागा असतात. या दोन जोड्यांपैकी एकच असेल तर ते बिनसंरक्षणाचं आहे. सेल ‘बी’ ला, एलईडीचं सर्किट ‘आउट’ ला. मॉड्यूलवर मूळचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर १ अँपिअरला चार्ज करतो. बंद प्लास्टिकमध्ये हे फार होतं. तिथे २ किलोओहमचा बसवला की सुमारे ५८० मिलिअँपिअर होतो. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा: लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि मेमध्ये दुपारी पत्र्याखाली तापमान त्यापुढे असतं. इथेही टॉर्च पेटवून चार्जिंग नको, कारण एलईडी करंट ओढत असताना मॉड्यूलला सेल भरल्याचं कळत नाही.

सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं असेल तर घेऊ नका. १८६५० च्या आकारात ३५०० च्या आसपासच कमाल होते. ओळखायचा सोपा मार्ग वजन: चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, ३५ च्या खाली असेल तर आत भरतीच आहे. जळगावात सराफाच्या काट्याला तोटा नाही, तिथे क्षणात कळतं. पत्त्या वेल्ड केलेला सेल मागा. सेलच्या टोकावर थेट आयर्न टेकवला तर आतलं सील बिघडतं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर तो जिवंत करायच्या फंदात पडू नका. २५०० चा खरा सेल ३५० मिलिअँपिअरवर सात तास चालतो, रात्रीची एक पाळी निघते.

अ‍ॅल्युमिनियमचा टॉर्च

इथे दोष जवळपास नेहमी मागच्या टोपणात. टोपण काढा, तारेचं एक टोक सेलच्या मायनसला आणि दुसरं नळीच्या उघड्या, न रंगवलेल्या कडेला टेकवा. लख्ख लागला तर टोपण दोषी. आत दोन भोकांची एक कडी असते, ती सैल होते. टोकदार पक्कड भोकांत घालून आवळा. आटे आणि कड अल्कोहोलने पुसा. तारेनेही नाही लागला तर पुढे एलईडीच्या बाजूची कडी तपासा. धक्क्याने टॉर्च मोठ्या उजेडावरून लहान उजेडावर किंवा लुकलुकण्यावर जात असेल, तर तोही सैल जोडच आहे: क्षणभर करंट तुटतो आणि ड्रायव्हरला वाटतं बटण दाबलं. सपाट डोक्याचा सेल पुढे टेकत नसेल तर चुंबक घालू नका, तो सरकून शॉर्ट करतो. बटणाच्या डोक्याचा सेल घ्या.

बंद करताना रबराची ओ-रिंग फुटलेली असेल तर बदला. मोटार-पंपाच्या सामानाच्या दुकानात बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली की मिळते. त्यावर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. मग टॉर्च सलग वीस मिनिटं लावून डोक्याच्या अ‍ॅल्युमिनियमला बोट लावा. पाच सेकंद धरवलं नाही तर एलईडीखालची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अपुरी आहे, मोठी लावा. धरवलं, तर टॉर्च चालू ठेवूनच स्विच नखाने चारी बाजूंना हलवून बघा. उजेड तसूभरही हलता कामा नये.